गंगव्वांचा सुटा हिंग

गंगव्वांच्या दुकानात हिंग घ्यायचा तर आधी तळहात पुढे करावा लागे. वाटाण्याएवढा खडा त्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवीत, आपल्या अंगठ्याने चुरडीत आणि म्हणत, "हुंगा." गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना पाणी येत असतानाच पुढचे वाक्य येई, "काबूलचा हिंग एक वाटा, गव्हाचं पीठ दोन वाटे, डिंक अर्धा. बाकी माझ्या हाताचा घाम. पटलं तर घ्या, न्हाई तर बेडा." बेडा म्हणजे नको, उदगीरच्या बाजारातून कानडी आणि मराठी एकाच पिशवीत घरी जातात. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकालाही हे ऐकल्याशिवाय हिंग मिळत नसे. कोणी घाईने "माहीत आहे, अव्वा" म्हणालाच, तर उत्तर ठरलेले होते, "तुला माहीत हाय, पर मी अजून सांगितलं न्हाई."

उदगीरच्या काही मंडळींनी अलीकडे जुन्या बाजारपेठेवर एक स्मरणिका काढली. तीत गंगव्वांवर दीड पान आहे. गंगव्वांवर हिंगाचा खटला झाला, तेव्हा ते लिहिणारे गृहस्थ पाळण्यात होते. त्यांनी गंगव्वांना 'भोळी, अडाणी माउली' केले आहे आणि अन्न निरीक्षकाला दयासागर. त्याने म्हणे डोळे पुसत स्वतःच्या खिशातून दंड भरला आणि माउलीला सोडवले. तो अन्न निरीक्षक मी. मी दंड भरला नाही. डोळे पुसल्याचे मला आठवत नाही, आणि हिंगाच्या सहवासात पुसलेल्या डोळ्यांवरून कोणी निष्कर्ष काढू नये. बाजारातली दुसरी हकिकत याच्या नेमकी उलट आहे. नव्या जिल्ह्यात नाव कमावण्यासाठी मी एका विधवेचे दुकान बुडवले, असे ती सांगते. दोन्ही हकिकती मी नाकारतो. वयाच्या सत्तरीनंतर माणसाने शांत राहावे, असे माझा मुलगा म्हणतो. त्याने खुशाल शांत राहावे. साक्षीदार मी आहे.

बहात्तरच्या दुष्काळात देवणीकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर मी हजेरी कारकून होतो. गंगव्वा तिथे मातीची टोपली वाहत. दुकान बंद होते. ज्या घरात डाळच नाही, त्या घरात फोडणी कशाची? मजुरांना तेव्हा लाल मिलो मिळत असे, परदेशातून आलेली ज्वारी. तिच्या भाकरीचा कोंदट वास आज कोणाला सांगून समजणार नाही. कोंबडीने तोंड फिरवावे अशी ती भाकरी. मी नुकताच पदवीधर झालेला, नाकाने जगणारा मुलगा. तीन दिवस घास तोंडात घोळवून झुडपामागे थुंकत होतो. ते पाहणारी एकच बाई त्या कामावर होती.

"हजेरीवाल्या," चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची हजेरी मांडता मांडता तुझीच कटायची. बस इथं." कमरेच्या चंचीतून त्यांनी कच्च्या हिंगाचा एक काळपट खडा काढला, गरम पाण्यात दगडावर उगाळला, त्यात मीठ-मिरची घातली आणि ते पाणी भाकरीवर ओतले. "खा, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी खाल्ले. मग त्यांच्या टोळीतल्या बायाही भाकऱ्या घेऊन आल्या, आणि तो खडा संपेपर्यंत हे रोज चालले. काबूलचा माल तेव्हा मुंबईहून मिळणे मुश्कील झाले होते. तो खडा जपून ठेवला असता तर पुढे चार महिने दुकान चालले असते. मी तसे म्हणालोही. गंगव्वा हसल्या. "धान्य परदेशाचं, ते गिळायला हिंगबी परदेशाचा. भूक तेवढी देवणीची हाय बघ."

पाऊस पडला, काम संपले, गंगव्वा उदगीरला दुकानात परतल्या. कच्चा हिंग कातड्यात शिवून येत असे. त्या तो उसवून कोमट पाण्यात भिजवीत, पीठ आणि डिंक घालून कणकेसारखा तिंबीत आणि सावलीत वाळवीत. यालाच हिंग बांधणे म्हणतात. न बांधलेला हिंग चिमटीने घातला तरी सारे भांडे कडू होते. वास त्यांच्या हातातून कधीच गेला नाही. एस.टी.त त्यांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही. त्याचे त्यांना दुःख नव्हते. उलट ऐट होती. "तिकीट एक, पर शीटा दोन. निजामालाबी असला मान नव्हता!"

मग लातूर जिल्हा झाला. तोवर उस्मानाबादचा निरीक्षक वर्षातून एकदा उदगीरला येई आणि चहा पिऊन जाई. नव्या जिल्ह्याबरोबर नवी कचेरी आली, नवे शिक्के आले आणि निरीक्षक म्हणून मी आलो. जिल्हा झाला म्हणजे रस्ता होईल, नळ येईल, असे लोक धरून चालले होते. आधी कायदा आला.

कायदा काय म्हणत होता, तेही नीट सांगतो, कारण स्मरणिकेत तेही चुकले आहे. हिंगात पीठ घालणे गुन्हा नव्हता. गुन्हा होता बांधलेला हिंग सुटा विकणे. तो बंद डब्यातून, परवाना घेऊन, आत काय काय आहे ते छापलेल्या चिठ्ठीसह विकायचा होता. हा नियम मूर्ख होता असे मी आजही म्हणणार नाही. हिंग म्हणून विटेची भुकटी विकणारे व्यापारी मी स्वतः पकडले आहेत. पण बोलून सांगितलेले आणि लिहून सांगितलेले यांत सरकार फरक करते, ही गोष्ट गंगव्वांच्या पिढीला कोणी सांगितलीच नव्हती. मी सांगू शकलो असतो. एक पोस्टकार्ड पुरले असते. ओळखीच्यांना आधी सावध करतो असे कोणी म्हणू नये, म्हणून मी ते टाकले नाही. माझ्या प्रामाणिकपणाचा मला फार अभिमान होता.

गंगव्वांविरुद्ध निनावी अर्ज आला, आणि मी उदगीरला गेलो. गंगव्वांनी मला ओळखले. "तम्मा! केवढा झालास रे!" म्हणत त्या उठल्या. माझ्यामागे शिपायाच्या हातात बरण्या आणि मोहोर लावायची लाख दिसली, तशा पुन्हा खाली बसल्या. "सरकारी कामाला आलाव व्हय, सायब? हात पुढं करा." मी हात पुढे केला. खडा चुरडला गेला. काबूलचा हिंग एक वाटा, पीठ दोन वाटे, डिंक अर्धा; एक शब्द त्यांनी गाळला नाही. मग मी नमुना मागितला.

नमुन्याला पंच लागतात. गंगव्वांच्या विरोधात सही करायला अख्ख्या गल्लीत एक माणूस पुढे येईना. शिंप्याला अचानक ताप भरला, पानवाला अक्षर विसरला. मी उन्हात घाम पुसत उभा. शेवटी गंगव्वाच ओट्यावर येऊन ओरडल्या, "ए भाड्यांनो, या की! सायब बोंबलत उभे हायत. माझ्या हिंगाला साक्षीदार नको का? भ्यायला काय झालं, त्यात विष हाय का?" शिंपी आणि पानवाला मान खाली घालून आले आणि सही करून गेले. आपल्यावरच्या खटल्याचे पंच आपणच बोलावून देणारी आरोपी मी पुढच्या नोकरीत पाहिली नाही. त्यांना भोळी म्हणणाऱ्याने आधी त्या ओट्यावर उभे राहावे.

अहवाल आला. हिंग त्यांनी सांगितला होता तसाच निघाला. दुसरी काही भेसळ नव्हती. पण चिठ्ठी नव्हती, परवाना नव्हता. अशा खटल्यात तुरुंग होऊ शकत होता, आणि गंगव्वा साठीला टेकल्या होत्या. एका तरुण वकिलाने वकीलपत्र फुकट घेतले. त्याने तोड काढली, आणि ती हुशारीची होती. देवणी बैलांचे पोट फुगले की शेतकरी हिंगच पाजतात. अव्वांनी एवढेच म्हणायचे की, हा हिंग जनावरांच्या औषधाचा आहे. मग तो अन्न नाही, आणि अन्नाचा कायदाही नाही. ही तोड मला आधीच समजली होती. खरे सांगतो, त्या तसे म्हणतील याची मी मनोमन वाट पाहत होतो.

न्यायाधीशांनी विचारले, "चिठ्ठी का लावली नाही?"

"मी जित्ती असताना चिठ्ठी कशाला? तोंडानं सांगते की समद्यांला."

वकील घाईने उठला. "बाई, हा हिंग कशासाठी विकता, ते साहेबांना सांगा."

गंगव्वा वकिलाकडून न्यायाधीशांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वकीलसाहेबांनी शिकवलं हाय, बैलासाठी म्हण. पर सायब, दुष्काळात लोकांनी मिलो खाल्ली, जनावराचं खाणं. तवा ह्या हिंगानं त्यास्नी वाटलं, आपण माणसाचं जेवतोय. आता मी त्यास्नी बैल कशी म्हणू? माणसांनी खाल्लाय माझा हिंग. लिवा तसं."

लिहिले गेले. वकिलाने कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी कारणे नोंदवून शिक्षा कमीत कमी केली: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दंड त्यांनी पदराची गाठ सोडून स्वतः भरला.

नंतरचे थोडक्यात सांगतो. परवान्याचा अर्ज मी भरून दिला, डबे आले, चिठ्ठ्या छापल्या. गंगव्वांनी जेमतेम एक खेप विकली. "झाकण लावलं की हुंगायचं कसं? न बघता सोयरीक केल्यावानी झालं हे," म्हणाल्या आणि दुकानाला कुलूप लावून देगलूरला लेकीकडे गेल्या. तिथेच वारल्या. दुकान बुडाले ते खरे, आणि त्यात माझा हात होता तेही खरे. नाव कमावण्यासाठी मी ते केले, एवढे मात्र खोटे आहे.

राहिली गोष्ट त्या दिवसाची. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहणे. गंगव्वा बसल्या, आणि वासाने हळूहळू आजूबाजूचे सारे बाक रिकामे झाले. माझे काम सकाळीच संपले होते. लातूरची गाडी उभी होती. मी दारापर्यंत गेलो, परत आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. दयेने नव्हे. ती जागा रिकामी होती, आणि मला तिथे बसायचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.  पाच तास आम्ही इतरांचे खटले ऐकत राहिलो: बांधाचे, पाण्याचे, मारामारीचे.

ऊन भिंतीवरून उतरले. न्यायाधीश उठले, पट्टेवाल्याने पुकारा केला. गंगव्वांनी पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या.

"ऊठ, तम्मा. तुझीबी शिक्षा भरली."