दगड वाळेपर्यंत

नत्थुजींच्या बायकोनं, जयवंतानं, गाठोडंभर कापूस देऊन एक दगड घेतला, आणि तोही फुटका निघाला. काटेपूर्णेच्या दोन्ही काठांवर ही गोष्ट वर्षभर चघळली गेली. आता कापूस म्हणजे तेव्हा काय होता, हे सांगायला हवं. साल अठराशे त्रेसष्ट. सातासमुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या कापसाविना उपाशी होत्या, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी अक्कल आल्यासारखा भाव आला होता. माती तीच, पऱ्हाटी तीच. पण जो तो असा बोलायचा की ती लढाई त्यानंच लावली.

नत्थुजींच्या घरची रीत अशी, की शेवटच्या वेच्याचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा कापूस घरच्या बायांचा. भाव नव्हता तेव्हा त्यातून देवापुढच्या वाती निघायच्या, फार तर एखादं लुगडं. आता त्याच गाठोड्याच्या पैशात धाकट्या जावेनं, माणिकबाईनं, गळ्यात सोन्याचे मणी घातले. थोरलीनं दगड आणला. लोकांनी हसू नये तर काय करावं?

जयवंताला दगडाचा नाद लहानपणापासूनचा. वखर फिरला की शेतात पांढुरक्या, तांबूस गारगोट्या उघड्या पडतात, त्या ती ओच्यात भरून आणायची. गोठ्यामागं बसून ओल्या खरबरीत दगडावर घासायची. दगडाच्या पोटातून एखादी रेघ, एखादा रंग वर आला की तिला तहानभूक राहत नसे. त्याचं पुढं काय करणार, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, करायचं काय? पाहायचं. माझं म्हणाल तर मला हे उत्तर पुरेसं वाटतं, पण मला कोण विचारतो!

शेतातल्या गारगोट्या उन्हापावसानं आधीच खिळखिळ्या झालेल्या असतात. अर्ध्या घासल्या की टवके उडतात. चांगला दगड खालून, ताज्या खडकातून यावा लागतो, हे तिला मदारचाचानं सांगितलं. मदारचाचा अकोल्यातला म्हातारा हक्काक, म्हणजे अंगठ्यांचे आणि शिक्क्यांचे दगड घासणारा कारागीर. मोर्णा नदीच्या काठी, किल्ल्याच्या भिंतीला लागून त्याची खोली होती. नत्थुजी बाजारात कापूस घेऊन गेले की जयवंता गाडीतून उतरून त्याच्या दाराशी जाऊन उभी राही. लाखेत कुरुंदाच्या कडक दगडाची पूड घालून केलेली ती गोल सान, म्हणजे घासायचं चाक, कमानीनं गरगर फिरणारी, आणि तिच्यावर टेकलेला दगड. चार वर्षं ती उभी राहून पाहत होती. पाचव्या वर्षी चाचा म्हणाला, एक बिनभेगेचा दगड आण, तुला सानेवर बसवतो.

त्याच सुमारास नदीजवळ आगगाडीच्या पुलासाठी खदान उघडली होती. तिथं वडारांची पालं पडली होती, आणि खडकाच्या पोटात सापडणारे रंगीत दगड त्यांच्यातली यल्लम्मा बाजूला ठेवून विकायची. जयवंता गाठोडं घेऊन तिथं पोचली. यल्लम्मानं दोन दगड पुढं केले आणि रंग दिसावा म्हणून त्यांतल्या एकावर तांब्यानं पाणी ओतलं.

इथंच घोटाळा झाला. जयवंता कापसाच्या घरातली. त्या दिवसांत वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे गल्लोगल्ली झाले होते, आणि ही बाई बोंड नुसतं गालाला लावून ओल सांगायची. तिच्या लेखी पाणी मारलेला माल म्हणजे लबाडीचा माल. तिनं त्या ओल्या दगडाकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ज्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता तो मोठा, धुळकट दगड उचलला आणि मोठ्या ऐटीत अकोल्याला नेला. सानेवर तो तिच्याच हाताखाली मधोमध उकलला. त्याच्या धारदार कपच्यानं सानेची लाख बोटभर उखडून गेली.

मदारचाचा रागावला नाही, म्हणून तर ते तिला अधिकच लागलं. कापसाचं पाणी वेगळं आणि दगडाचं पाणी वेगळं, एवढं त्यानं समजावलं. कोरडा दगड मुका असतो, भिजवल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही. मग उखडलेल्या सानेवरून बोट फिरवत म्हणाला, "ही मी भरून घेईन. पण कुरुंद आता फारसा उरला नाही, बेटी, आणि हातात जोरबी नाही. आणखी एकच दगड बसवू देईन. तो फुटला तर मग तू दारातूनच पाहत जाय."

परतीच्या वाटेवर जयवंता पदरात तोंड घालून रडली. एरवी तिची थट्टा करायची एक संधी न सोडणारे नत्थुजी त्या दिवशी नुसते बैल हाकत राहिले.

पुढचं अख्खं वर्ष तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. भिजवल्यावर रंग कळतो, कबूल. पण भेग कशी कळायची? ओला दगड तर वरून तुळतुळीत दिसतो, पाणी सगळं झाकून टाकतं. उत्तर मिळालं ते घरातल्या मडक्यात. कुंभाराकडून आणलेलं नवं मडकं तिनं धुऊन उन्हात पालथं घातलं होतं. थोड्या वेळानं पाहते तो सगळं मडकं वाळलेलं, आणि काठापासून खाली केसाएवढी एक काळी रेघ ओलीच. जिथं चीर, तिथं पाणी मागं राहतं. मडकं वाया गेलं होतं, पण जयवंता एकटीच अंगणात हसत उभी राहिली. सासूबाईंना वाटलं, दगड आता डोक्यातच गेला.

माघात शेवटचा वेचा झाला. माणिकबाईनं या खेपेला पाटल्यांचा बेत केला होता. जयवंता गाठोडं घेऊन खदानीवर गेली, नत्थुजी गाडी बाभळीखाली लावून चिलीम ओढत बसले. यल्लम्मानं दोन दगड काढले. एक चांगला नारळाएवढा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पाहताक्षणी जीव जडावा असा. दुसरा मुठीत मावणारा, धुराच्या रंगाचा. या खेपेला जयवंतानंच तांब्या मागून घेतला, दोन्ही दगड भिजवले, उन्हात ठेवले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

यल्लम्मानं जन्मात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. घ्यायचं तर घे, असं ती दोनदा म्हणाली. तेवढ्यात ठेकेदाराचा मुनीम आला आणि त्याचे डोळे पट्ट्यांच्या दगडावर खिळले. साहेबाला नजराणा द्यायला असंच काहीतरी त्याला हवं होतं. तो तिथंच भाव करायला लागला. दगड अर्धाच वाळला होता. आत्ता हात पुढं केला तर तो तिचा होता, गाठोडं मुनीमाच्या पैशाहून जड होतं. तिनं दगड उलटा केला. खालच्या अंगाला एक बारीक काळा दोरा होता. ती थांबली, पदरानं दगड टिपला आणि पुन्हा थांबली. दोरा गेला नाही.

"भाऊ, त्याच्यात भेग हाय," ती मुनीमाला म्हणाली.

मुनीम गालातल्या गालात हसला. भाव पाडायची ही रीत त्याला चांगली ठाऊक होती. त्यानं घाईघाईनं दोन पैसे वरच देऊन दगड बगलेत मारला आणि चालता झाला. राहिला तो धुरकट. तो सगळीकडून सारखा, शांतपणे वाळत गेला. जयवंतानं तो सहा वेळा फिरवला, कुठं एक रेघ उरली नाही.

यल्लम्मा आता सरकून जवळ बसली होती. "तो पट्टेवाला सुरुंगाचा होता," ती हळूच म्हणाली. "सुरुंगाचा दगड आतून भ्यालेला राहते, बाई. हा माझ्या घरवाल्यानं छिन्नीनं काढला." मग तिनं गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस बाहेर काढला, ओला नाही ना हे चाचपलं आणि गाठोडं उचललं. ते पाहून जयवंताला फार बरं वाटलं.

नत्थुजींनी दगड हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "एवढासाच? अन् असा कोयशासारखा?" ती म्हणाली, असाच.

अकोल्यात चाचानं सानेसमोरची जागा तिला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटले. कमान फिरली, दगड टेकला. पहिला कर्रकर्र आवाज झाला तेव्हा तिला मागच्या वर्षीचा तो उकलण्याचा आवाज आठवला आणि दगड सुटता सुटता राहिला. "दाबू नको," चाचा डोळे न उघडता म्हणाला, "त्याला येऊ दे." उन्हं भिंतीवरून खाली उतरली. कर्रकर्र जाऊन सळसळ आली, मग तीही मऊ झाली. धुराच्या आत एक पांढरा पट्टा उमटला, वाफेसारखा पातळ, आणि त्याच्या अलीकडपलीकडे दगड आरपार दिसायला लागला. फुटला नाही. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही गळत होतं, आणि ती दोन्ही आवरायच्या फंदात पडली नाही.

चाचानं दगड मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग डोळ्यांचा नाद सोडून अंगठा फिरवला, ओठाला लावला. दारात नत्थुजी येऊन उभे होते. गाडी जुंपली, निघायचं, हे सांगायला आले होते.

"कसा निवडला?" चाचानं विचारलं.

तिनं मडक्याची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यानं दगड परत तिच्या हातात ठेवला.

"दोन साल झाले, मले भेग दिसत नाई," तो म्हणाला. "कोणाले सांगतलं नाई. लोक आणतात तो दगड घासतो, फुटला का त्याचं नशीब म्हणतो. तू बसशील का माह्याजवळ? तू दगड पाहत जाय, मी तुले हात शिकवतो. आता याची दुसरी बाजू राहिली, ती आजच झाली पाहिजे."

जयवंतानं नवऱ्याकडं पाहिलं. नत्थुजींनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि बाहेर जाऊन जुंपलेले बैल सोडायला लागले.