बिबा उतला तेव्हा

अंगाला खाज सुटलेला माणूस दवाखान्यात उशिरा येतो, पण येतो तो घाबरून. त्यामुळे सिरोंच्याच्या रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात औषधं संपायची, किस्से मात्र साठत जायचे! स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झालेली. मी नर्स, डॉक्टर साहेब नागपूरचे, आणि जखमा धुवायला सोमीबाई, जवळच्याच गोंड वस्तीतली.

*

एका सकाळी दारात सात माणसं. एकामागे एक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. तोंडं सुजलेली, अंगभर फोड. सगळ्यांत मिळून एकच डोळा उघडा, तोही पहिल्याचा! देवी आली म्हणून गावानं त्यांना हाकललेलं. मीही कडी लावायला धावले. हो, नर्स असून!

सोमीबाई मात्र बाहेर गेली आणि तिनं पहिल्याचा सदरा हुंगला. "बिब्याचं लाकूड जाळलं काऊन रे?"

बांबू तोडायला आलेले परगावचे मजूर. हाती लागलं त्या लाकडावर भात शिजवला, आणि धुरानं बिबा उतला, म्हणजे अंगभर फोड उठले. सोमीबाईनं चिंचेचा पाला उकळून त्याच्या गार पाण्यानं अंगं धुतली, वर तीळ-खोबऱ्याचा लेप दिला. चार दिवसांनी डोळे उघडले.

मी विचारलं, "सोबत अजून कोणी होतं?"

"एक होता जी. त्याले काई झालं नोतं. आमाले पाहून पहिले तोच पळाला!"

*

जंगलखात्याचे नवे साहेब. मानेवर मागे गोल डाग, पाणी गळणारा. उतारे, लिंबू, सगळं करून झालेलं. बंदूक बाळगणारा माणूस, पण आवाज कापत होता. "कुणीतरी करणी केलीय. रोज वाढतोय हा."

सोमीबाईनं त्यांची कॉलर उलटी केली. आत बिब्याच्या तेलाची काळी खूण, कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी घालतात ती.

"करनी धोब्यानं केली, साहेब!"

*

डॉक्टर साहेबांना पाल्याची धास्ती होती. ती खोटी नव्हती. कुणी भलताच पाला बांधून हात सोलवटून आलेला मी पाहिलाय. ते बजावायचे, "चिघळलं तर जबाबदार कोण?"

एकदा दौऱ्यावर ते बिब्याच्या झाडाला टेकून बसले. दोन दिवस स्वतःचं मलम लावलं. तिसऱ्या दिवशी तोंडावर टॉवेल घेऊन मागच्या दारानं आले. "सोमीबाई, तो पाला... ताजा आहे ना?"

सोमीबाई पाला निवडत म्हणाली, "जबाबदार कोन, साहेब?"

*

आणि ती सून. भाताच्या रोवणीत पायाला चिखल्या झाल्या म्हणून बिब्याचं तेल लावलेलं. पुरळ पायावरून चेहऱ्यापर्यंत चढलं, हातांवर चट्टे उठले. सासऱ्यानं ठरवलं, महारोग! तान्हं लेकरू घरी ठेवून घेतलं आणि तिला कायमची महारोग्यांच्या आश्रमात सोडून यायला निघाला. जाताना महारोगाच्या दाखल्यावर नुसता शिक्का मारून घ्यायला आमच्याकडे थांबला. स्वतः बैलगाडीतून उतरलाही नाही.

सोमीबाईनं पाला चुलीवर ठेवला. पण मला आधी खात्री हवी होती. महारोगाच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही. मी सुई घेतली. एका चट्ट्यावर टोचली. पोरगी गप्प. दुसऱ्यावर टोचली. गप्पच. मी सुई थांबवली.

"कळलं का गं?"

"लय दुखलं, बाई."

"मग ओरडली काऊन नाई?" सोमीबाई खेकसली.

"सासरी ओरडत नाई जी मी." मग हळूच, "दुखनं वाईट हाय का, बाई?"

"अगं, दुखतंय म्हणजे महारोग नाही!"

ती उठली. तडक बैलगाडीपाशी गेली आणि हात पुढे केला.

"बाई, इथी या. मामाजीसमोर टोचा. आता ओरडतो मी!"