मालिकेच्या घरात पडलेली थंडी

माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, टीव्हीवरच्या मालिकांतल्या माणसांना कपडे घालतात. असं सांगितलं की लोक हसतात, पण त्या स्वतःची ओळख अशीच करून देतात. मालिका संपताना सरसर वर पळणाऱ्या नावांत 'वेशभूषा' या शब्दापुढे त्यांचं नाव येतं, आणि ते वाचून होण्याआधीच जाहिरात सुरू होते. त्याचं त्यांना काही नाही. "माझं काम तोवर बघून झालेलं असतं," म्हणतात.

स्टुडिओत त्यांना सगळे टाचणीबाई म्हणतात. सदऱ्याच्या कॉलरखाली टाचण्यांची अख्खी रांग खोचलेली असते आणि मनगटाला सुयांची उशी. घरी आल्यावरही हा सरंजाम उतरत नाही, त्यामुळे त्यांना मिठी मारायची तर आधी विचारून मारावी लागते. आवाज मोठा, चाल भरभर, आणि आपल्या कामाबद्दल मनात तीळभर शंका नाही. माझा नवरा म्हणतो, "ताईचं माप चुकलं तर माणसानं आकार बदलावा."

त्यांचं सगळ्यात मोठं वैर कशाशी असेल तर नव्या कोऱ्या कपड्यांशी. दुकानातून आलेला सदरा त्या कधीच तसाच नटाच्या अंगावर चढवत नाहीत. आधी तो चार वेळा धुतला जातो. मग कोपरांवर पॉलिश पेपर घासायचा, कोट असेल तर खिशात दगड भरून तो ओला टांगायचा, एखादं बटण काढून तिथे थोडं वेगळं बटण लावायचं. "टीव्हीवरच्या गरीब माणसाचा सदरा फाटका असतो, पण फाटका असून कडक इस्त्रीचा," असं त्या चिडून सांगतात. "अरे, तो माणूस सकाळी बसमध्ये उभा राहून आलाय ना? मग त्याच्या काखेत चुण्या कुठायत?"

आमच्या घरी त्यांच्याहून कडक परीक्षक आहेत त्या माझ्या सासूबाई. रोज संध्याकाळी मालिका लागली की त्या चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतात. "तुझ्या त्या नायिकेचा झगा आणि सोफा एकाच रंगाचा झालाय. नुसतं मुंडकं बोलतंय," असं एकदा त्यांनी सुनावलं होतं. वन्सं दोन घास तशाच चावत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरोबर आहे आई. सोफा बदलायला लावते." सोफा खरंच बदलला.

ती मालिका एका मोठ्या घराची होती आणि बरीच वर्षं चालली होती. घराची कर्ती बाई, मुलांची आई आणि सुनांची सासू, हे काम करणाऱ्या नटीला स्टुडिओत सगळे मोठीबाई म्हणत. पाठ ताठ, मान उंच, अंगाबरोबर बसणारे फिक्या रंगाचे कपडे आणि कमरेला बारीक पट्टा. हे रूप वन्संनीच घडवलेलं. मोठीबाई दारात उभ्या राहिल्या की पडद्यावरची सगळी पोरं नीट बसत, आणि आमच्याकडे सासूबाईसुद्धा.

पुढे जे सांगतेय ते मला खूप नंतर कळलं, मोठीबाईंनी स्वतःच सगळं उघड केल्यावर.

एका दुपारी त्या वन्संच्या खोलीत आल्या. लांबलचक टेबल, कोपऱ्यात वाफेची इस्त्री, भिंतीलगत कपड्यांच्या रांगा आणि मशीनवर वाकलेले मास्तर. मास्तर म्हणजे वन्संचे शिंपी; तोंडानं सतत कुरकुर आणि हातानं सोन्यासारखं काम. मोठीबाईंनी त्यांना चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"डाव्या स्तनात गाठ निघाली," त्या म्हणाल्या. "कॅन्सर आहे. ती बाजू पूर्ण काढणार आहेत. मी परत येणार, पण इथे कुणाला कळता कामा नये. दिग्दर्शकाला सांगितलंय, आता तुला सांगतेय."

"लपवायचं कशाला?" वन्संनी विचारलं.

"अगं, कळलं की हे लोक मला कथेतही आजारी पाडतील. आणि मग हार घालून भिंतीवर टांगतील. मला काम करायचंय."

वन्संनी रडणं, धीर देणं यातलं काहीच केलं नाही. परत कधी येणार, हात किती वर जाईल, अंगाला काय टोचेल, एवढंच विचारून घेतलं. "रडायचं ते मी नंतर बसमध्ये रडले," त्यांनी मला सांगितलं. "शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला. सुती, छान होता."

दुसऱ्या दिवशी त्या दिग्दर्शकाच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. "घरात थंडी पाडा," म्हणाल्या.

"काय?"

"एकट्या मोठीबाई सैल कोटात दिसल्या तर लोक विचारतील, बाईंना झालंय काय? सगळं घरच कोटात दिसलं तर म्हणतील थंडी आहे. घरातला हीटर बिघडलाय, दुरुस्तीला माणूस येत नाही. असं लिहून घ्या. आणि त्या जायच्या आधीपासून सुरू करा, म्हणजे लोकांना त्यांनाही आधीपासून कोटात पाहायची सवय होईल."

दिग्दर्शकानं तिथल्या तिथे लेखकाला बोलावलं.

अशी मालिकेच्या घरात थंडी पडली. मुलांच्या अंगावर जाड स्वेटर, सुनांना लांब जाकिटं, स्वयंपाक्याच्या गळ्यात मफलर. खरं तर स्टुडिओत दिव्यांखाली जीव नकोसा होईल इतकं उकडायचं. थोरल्या मुलाचं काम करणारा नट घाम पुसत म्हणाला, "टाचणीबाई, अजून थोडा वेळ ठेवलंत तर मी आतून शिजेन. मग वाढून घ्या." रंगभूषा करणारी बाई वैतागली, कारण तिनं लावलेला रंग ओघळत होता. वन्संनी कुणालाही कारण सांगितलं नाही. "थंडी आहे, घाला," एवढंच.

मोठीबाई कथेत प्रवासाला गेल्या आणि खऱ्या आयुष्यात दवाखान्यात. परत आल्या तेव्हा त्यांचे कपडे तयार होते. डोक्यावरून घालायचा एकही नव्हता, सगळे पुढून उघडणारे. बाह्यांचा घेर वाढवलेला. डाव्या बाजूला मऊ गादी कपड्यातच आतून, मास्तर घरी गेल्यावर वन्संनी स्वतः शिवलेली, म्हणजे जखमेवर कसला पट्टा नको की भार नको. वरून सैल जाकीट. मोठीबाई दारात उभ्या राहिल्या आणि घरातली पोरं पहिल्यासारखी नीट बसली.

सगळं बिनबोभाट पार पडलं असं वन्संना वाटलं. मग एका संध्याकाळी जेवताना सासूबाई टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या, "या बाईचा डावा हात दुखतोय."

वन्संचा घास हातातच राहिला. "कशावरून?"

"चहाचा कप ती नेहमी वरच्या फळीवरून स्वतः काढायची. आता सुनेला सांगते. एरवी सुनेच्या हातचं पाणी न घेणारी बाई ती."

दुसऱ्या दिवशी वन्सं सकाळी लवकर बाहेर पडल्या. स्टुडिओतल्या सुताराला गाठून त्यांनी ती फळी खाली आणवली, कोट अडकवायचे हुकही खाली घेतले. मोठीबाई पुन्हा स्वतःचा कप स्वतः घेऊ लागल्या. सासूबाईंनी मान डोलावली. "बरा झाला वाटतं हात."

आणि मग आला वाहिनीचा साहेब. वाहिनीचा साहेब म्हणजे ज्याच्या हो-नाहीवर मालिका चालते तो माणूस. वाईट नव्हता, पण घाईत असायचा. "थंडी पुरे झाली," तो म्हणाला. "लोक विचारतायत, एवढ्या श्रीमंतांना हीटर दुरुस्त करता येत नाही का? आता घरच्या कंपनीचा मोठा जलसा दाखवायचा. हा बघा, दुकानवाल्यांनी मोठीबाईंसाठी खास पाठवलाय." त्यानं खोक्यातून एक चकचकीत झगा काढला. गळा खोल, अंगाला घट्ट आणि छातीवर खड्यांची नक्षी.

वन्संनी तो हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली आणि परत खोक्यात ठेवला. "हा त्यांचा नाही."

"म्हणजे? त्यांच्याच मापाचा आहे."

"मापाचा असेल, त्यांचा नाही. ही बाई वर्षानुवर्षं एक घर आणि एक कारखाना चालवतेय. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे तिला माहीत आहे, म्हणून ती चमकत नाही. जलशात चमकतात त्या तिच्या सुना. हा धाकटीला घालू, तिला शोभेल. मोठीबाईंचा मी शिवते. कॅमेऱ्यातून बघा, आवडला नाही तर दुसरी वेशभूषाकार शोधा."

साहेबाला बहुधा असं कुणी बोलत नसावं. "परवा बघतो," म्हणून तो गेला.

वन्संनी गडद निळ्या जड कापडाचा झगा कापला. डाव्या खांद्यावरून भरपूर चुण्या सोडलेल्या, त्या चुण्यांखाली गादी बेमालूम दडलेली. मोठीबाई आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरसुद्धा कुरकुरले नाहीत.

"छान झालाय," मोठीबाई म्हणाल्या. मास्तर धागा आणायला बाहेर गेले तशी त्यांनी डाव्या बाजूवर हात ठेवला. "हे काढ."

"काय काढू?"

"ही गादी. घरच्या आरशात मी सपाट असते आणि इथल्या आरशात दुसरीच बाई उभी असते. रोजची ही अदलाबदल नको झालीय मला."

"लोकांना दिसेल."

"दिसू दे. माझं काम बघून घेतलं ना सगळ्यांनी? आता कोण काढतंय मला?"

वन्संनी खांद्यावरच्या चुण्या चिमटीत धरून बघितल्या. मग म्हणाल्या, "तर मग उतरवा तो."

"का? नुसती गादी काढ की."

"हा लपवायला कापलाय. लपवायचं नसेल तर कापच वेगळा लागेल."

मोठीबाईंनी मास्तरांनाही आत बोलावून स्वतःच सांगून टाकलं. मास्तर चष्मा लावून म्हणाले, "कापड शिल्लक आहे का?" ती सगळी दुपार दोघं उसवत आणि शिवत बसले. चुण्या गेल्या. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत कापड एकसंध, सरळ खाली सोडलं. उजवी बाजू अंगासारखी गोलाईत, आणि मधून एकच तिरकी शिवण.

"डावीकडे एखादं फूल लावू का?" मास्तरांनी विचारलं.

"नको. फूल लावलं की आपण माफी मागितल्यासारखं होईल."

जलशाच्या चित्रीकरणाला मोठीबाई जिन्यावरून खाली उतरल्या. मान उंच, पाठ ताठ. दिग्दर्शकाच्या लगेच लक्षात आलं. तो दिवे लावणाऱ्याला एवढंच म्हणाला, "उजेड डावीकडून घे."

वाहिनीचा साहेब कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून बघत होता. त्यानं वन्संना हळूच विचारलं, "शिवताना काही चुकलंय का?"

"नाही. अंगाच्या मापानं शिवलाय."

तो पुन्हा पडद्याकडे वळला, आणि मग मान वर करून खऱ्या मोठीबाईंकडे. त्याही त्याच्याकडे बघत होत्या. साहेब उठला, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिला. जाताना वन्संना म्हणाला, "तुम्ही तरी मला सांगायचं."

"ते माझं सांगायचं नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "झगा झकास आहे."

तो भाग लागायच्या आदल्या संध्याकाळी मोठीबाईंनी वाहिनीवरच्या मुलाखतीत सगळं सांगितलं, रडगाणं न गाता, जशा घरातल्या पोरांशी बोलत तशा. आमच्याकडे माझा नवरा उठून बहिणीच्या शेजारी जाऊन बसला. टाचण्यांची पर्वा न करता त्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

दुसऱ्या दिवशी जलसा लागला. सासूबाई पहिल्यांदाच मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "खांद्यापासून कापड सरळ सोडलंस?"

"हो."

"शिवण दिसतेय, पण नजर शिवणीवर थांबत नाही. चेहऱ्याकडे जाते. चांगलं केलंस." आणि लगेच माझ्याकडे वळून, "अगं, आवाज वाढव, ती बोलतेय."

मोठीबाईंना कुणी भिंतीवर टांगलं नाही. लेखकानं त्यांच्या तोंडी एकच वाक्य घातलं, धाकट्या सुनेला सांगितलेलं: "तेव्हा मी प्रवासाला नव्हते गेले गं, दवाखान्यात होते." तेवढ्यावर सासू-सुनेचं जुनं भांडण मिटलं आणि कथा पुढे सरकली. मालिका यथावकाश संपली. आता त्या नाटकात काम करतात, आणि त्यांचे कपडे वन्संनीच शिवायचे अशी त्यांची अट असते.

पण एक गोष्ट कुणीच ठरवली नव्हती. स्टुडिओच्या दारावर तशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या बायका येऊ लागल्या. 'तो निळा झगा कुणी शिवला?' म्हणून पहारेकऱ्याला विचारायच्या. कुणाला मुलाच्या पदवीदानाला जायचं होतं, कुणाला नुसतं कामावर. वन्संनी रविवारची सकाळ त्यांच्यासाठी ठेवली. मास्तर "सुट्टीचा दिवस आहे" म्हणून कुरकुरत येतात आणि सगळ्यांच्या आधी येतात.

गेल्या उन्हाळ्यात एक पोहायला शिकवणारी बाई आली. तिला पाण्यात उतरायचा पोशाख हवा होता. दुकानातले सगळे पाण्यात गेले की डावीकडे फुगायचे. "पाण्यात कापड कसं वागतं ते मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "बघावं लागेल." मग मलाही बरोबर घेऊन त्या तलावावर गेल्या, नमुन्याचा पोशाख चढवला आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून चिमटीनं कापड ओढून बघू लागल्या. त्यांना पोहता येत नाही. आजूबाजूची पोरं हसली, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

पोशाख तयार झाला तसे आम्ही पुन्हा तिथे गेलो. शिकवणाऱ्या बाईंनी काठावरून सूर मारला, सरळ पलीकडे जाऊन तशाच परत आल्या आणि काठाला धरून श्वास घेत म्हणाल्या, "फुगत नाही. पण हात पुढे टाकला की काखेत किंचित काचतंय."

वन्सं काठावर गुडघे टेकून बसल्या आणि कॉलरखालची टाचणी काढली. "हात वर करा," म्हणाल्या. "अजून वर. हां, आता तसाच धरा."