पोस्टाच्या बाईंच्या पोटातली गाठ

इंग्लंडमध्ये लीड्सला तीन वर्षं काढल्यावर मी तिथल्याच डोंगराळ भागातल्या एका लहान हॉस्पिटलात सर्जन म्हणून रुजू झाले. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. दोन ऑपरेशन थिएटर, चार वॉर्ड आणि खिडकीबाहेर मेंढ्या. हर्निया, पित्ताशय, यंत्रात सापडलेली बोटं, गाईच्या लाथेने फुटलेली प्लीहा, एका दिवसात काहीही समोर यायचं.

माझी मुलाखत तिथल्या जुन्या कन्सल्टंटनी घेतली होती. तीस वर्षं त्या भागातले ते जवळजवळ एकटेच सर्जन. विदर्भातल्या माझ्या कॉलेजात मी कोणकोणती ऑपरेशनं केली, हे त्यांनी तासभर विचारलं आणि शेवटी म्हणाले, "इथे पाऊस फार पडतो. चालेल ना?"

मी त्यांना सवयीने सर म्हणायचे. ते त्यांना आवडायचं नाही, पण माझ्या तोंडातून दुसरं काही निघायचं नाही. त्यांनी मला पुष्कळ शिकवलं. इथला शेतकरी 'जरासं दुखतंय' म्हणाला तर ताबडतोब भरती करायचं, हे त्यांनी शिकवलं. दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की गाडी रिव्हर्समध्ये कशी घ्यायची, तेही त्यांनीच. मी आल्यावर वर्षभरात ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. वरच्या खोऱ्यात बस आठवड्यातून दोनदाच जायची, त्यामुळे म्हाताऱ्या पेशंटना आपल्या गाडीतून आणायचं आणि परत सोडायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. ओपीडीच्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसलेले असायचे.

पोस्टाच्या बाईंनाही त्यांनीच आणलं. बाई सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, ताठ बसणाऱ्या. खोऱ्यातल्या एका गावात त्यांनी सगळी हयात पोस्ट चालवलं होतं. वर्षभरात वजन उतरलं होतं, आणि त्यांच्या जीपीला, म्हणजे गावातल्या फॅमिली डॉक्टरला, तपासताना त्यांच्या पोटात उजवीकडे गाठ हाताला लागली होती.

"दुखतं कधीपासून?" मी विचारलं.

"पित्ताशय काढलं तेव्हापासून. वीसेक वर्षं झाली."

"मग दाखवलं नाहीत कुणाला?"

"दाखवलं की. तीनदा इथेच आले होते. जखमेत काही नाही, मनाचं आहे म्हणाले. नवराही मग तेच म्हणायला लागला."

"ऑपरेशन कोणी केलं होतं?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. "मला गाडीतून घेऊन आले ना, त्यांनीच."

मी तपासलं. जुन्या व्रणाच्या खाली संत्र्याएवढी घट्ट गाठ होती. माझ्या मनात आलं ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. "कॅन्सर असेल तर सरळ सांग, लव्ह," त्या म्हणाल्या. तिकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. "लोकांच्या हातात मी पुष्कळ वाईट पत्रं दिली आहेत. कशी द्यायची ते मला कळतं."

"अजून मला माहीत नाही," मी म्हणाले. "स्कॅन करू. जे असेल ते मी तुम्हाला आधी सांगेन."

स्कॅन झाला त्या आठवड्यात रेडिओलॉजिस्टने मला खाली बोलावलं. पडद्यावर ती गाठ होती आणि तिच्या आत एक पांढरीशुभ्र रेघ, वेटोळं घालून बसलेली. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला ज्या जाळीदार कापडी घड्या वापरतात, त्या प्रत्येकीत एक धागा विणलेला असतो. चुकून आत राहिली तर एक्स-रेमध्ये दिसावी म्हणून. बाईंच्या पोटात तसली एक घडी वीस वर्षं होती.

जुनी फाईल तळघरातून मागवली. ऑपरेशनची नोंद सरांच्या अक्षरात होती, स्वच्छ, वळणदार. खाली ओळ होती: घड्या मोजल्या, बरोबर आहेत.

ते वाचताना मला दुसरीच एक गोष्ट आठवत होती. भारतात रेसिडेंट असताना मी एका ऑपरेशनला मदत करत होते. पेशंट शेतमजूर बाई होती. तिच्या पोटातून असंच कापड निघालं. आमच्या युनिटच्या मोठ्या सरांनी ते ट्रेमध्ये टाकलं, झाकलं, आणि बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलं, "गाठ होती, काढली." त्याने हात जोडले. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिला घरी सोडताना टाके काढले तेव्हाही नाही. पंधरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांच्या जागी आलेल्या आमच्या नव्या कन्सल्टंटना मी फाईल आणि स्कॅन दाखवला. ते म्हणाले, "पेशंटला पहिल्यांदा सांगायचं, आणि सगळं. हवं तर मी सांगतो."

"नको. मी त्यांना शब्द दिलाय."

त्या पुढच्या मंगळवारी आल्या, सरांच्याच गाडीतून. मी ओपीडीच्या सिस्टरना सोबत बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"कॅन्सर नाही," मी आधी सांगितलं. मग उरलेलं सांगितलं. कापड म्हणजे काय, ते कसं राहिलं असेल, ते काढावं लागेल.

बाईंनी डोळे मिटले. कॅन्सर नाही म्हटल्यावर आलेला सुटकेचा श्वास मला ऐकू आला. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथे खरंच काहीतरी होतं."

"हो."

"माझा नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं मी दुखण्याचं सोंग करते. कुठे जायचं म्हटलं की माझं पोट दुखायचं. नाटकाला नाही, समुद्रावर नाही, पोरीच्या लग्नात मी जेवले नाही. तो रागवायचा. मग मलाही वाटायला लागलं, आपल्याच डोक्यात काही बिघाड असेल." त्या रडल्या नाहीत. आवाज फक्त बारीक झाला. "बाहेर बसलेत त्यांना माहीत आहे?"

"नाही. तुमच्या आधी त्यांना सांगणं बरोबर नव्हतं."

"मग आता तू सांग. मी नाही सांगणार. आणि मी त्यांच्या गाडीतून परत जाणार नाही."

त्या दिवशी बस नव्हती. सिस्टर म्हणाल्या, त्यांची ड्यूटी तीनला संपते, त्या सोडतील. बाई मागच्या दाराने चहाच्या खोलीत जाऊन बसल्या आणि मी पुढच्या दाराने बाहेर आले.

सर पेपरातलं कोडं सोडवत होते. "झालं?" म्हणून उठले. मी म्हणाले, "सर, जरा आत येता?"

स्कॅन लाइटबॉक्सवर लावलेलाच होता. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. ते जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला, ती पांढरी रेघ बघितली.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

पेशंट कोण आणि ऑपरेशन कोणाचं, दोन्ही मी सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी मोजायला कोण होतं?" म्हणाले आणि लगेच हात हलवला. "नको, सांगू नकोस. तो प्रश्न मी विचारायचा नाही. पोट मी शिवलं." मग फाईल मागितली. आपल्याच अक्षरातली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. नंतरच्या तीन भेटींच्या नोंदी वाचल्या. तिसऱ्या नोंदीत लिहिलं होतं, पेशंट चिंतातुर स्वभावाची आहे, पुन्हा पाठवायची गरज नाही.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "ऑपरेशनही आठवत नाही, ती आलेली आठवत नाही. आज गाडीत पाऊण तास आम्ही तिच्या गुलाबांबद्दल बोललो."

मी चहा आणू का विचारलं. ते नको म्हणाले. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "तू बरोबर केलंस." तेव्हा मला भारतातली ती बाई त्यांना सांगावीशी वाटली. पण ती वेळ माझं मन हलकं करण्याची नव्हती.

ऑपरेशन मी आणि आमच्या कन्सल्टंटनी मिळून केलं. साडेतीन तास लागले. गाठीभोवती आतडी घट्ट चिकटली होती, मोठ्या आतड्याचा एक लहान तुकडा काढावा लागला. कापड निघालं तेव्हा थिएटरमध्ये कुणी कुणाकडे बघितलं नाही. शेवटी थिएटरच्या सिस्टरनी घड्या मोठ्याने मोजल्या, मग पुन्हा मोजल्या, आणि आम्ही सगळे हात थांबवून ऐकत होतो.

ती वस्तू आपल्याला बघायची आहे, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन गेले. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवून बघितली. "एवढंसंच," म्हणाल्या आणि परत दिली.

सरांनी दोनदा निरोप पाठवला, भेटायला येऊ का. दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. सहाव्या दिवशी मला म्हणाल्या, "येऊ दे. पण तू इथेच थांब."

सर कोट-टाय घालून आले. फुलं आणली नव्हती. मी खुर्ची पुढे केली, तरी ते उभेच राहिले.

"माझ्याकडून चूक झाली," ते म्हणाले. "आणि तुम्ही तीनदा येऊन सांगितलंत, तेव्हा मी ऐकलं नाही. ती चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं."

"तुम्हाला आठवतं का, मी आले होते ते?"

"नाही. खोटं सांगणार नाही. मला आठवत नाही."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी रेडिओ ऐकत होती, तिने तो हळूच बारीक केला.

"आठवतं म्हणाला असतात, तर मी तुम्हाला जायला सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. मी तक्रार करणार आहे."

"केलीच पाहिजे. मी माझं म्हणणं लिहून देईन, काहीही न लपवता."

"द्या," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आता बसा. उभे राहिलात की मला मान वर करावी लागते."

ते बसले. पाचेक मिनिटं बसले असतील. त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण मला वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला बोलावलं.

बाईंनी तक्रार केली. सरांनी दोन पानं लिहून दिली. ती मी वाचली आहेत. त्यांत 'परंतु' हा शब्द एकदाही नव्हता. हॉस्पिटलने लेखी माफी मागितली. सरांनी गाडी चालवणं मात्र बंद केलं. ते बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या माझ्याकडे तपासणीला आल्या होत्या, शेजारणीच्या गाडीतून. म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या खोऱ्यात तिघं जण दर आठवड्याला किडनीच्या मशीनवर जातात. त्यांच्या घरी बसण्याने माझं काही भलं होत नाही." मी तसाच निरोप दिला. पुढच्या सोमवारी सर त्या तिघांना घेऊन आले. बाई स्वतः पुन्हा त्यांच्या गाडीत कधी बसल्या नाहीत.

शेवटची तपासणी सहा महिन्यांनी झाली. वजन वाढलं होतं, गालांवर लाली आली होती. जखम छान भरली होती. आता यायची गरज नाही, असं मी सांगितलं आणि त्यांच्या जीपीला पाठवायचं पत्र टाइप होण्यासाठी रेकॉर्डरवर सांगायला घेतलं. तिकडे पेशंटसमोरच पत्र सांगायची माझी पद्धत होती.

"एक वाक्य घालशील का?" त्या मध्येच म्हणाल्या. "त्या फाईलमध्ये माझ्याबद्दल बरंच लिहिलंय. मी म्हातारी आहे, उद्या दुसरा कुणी डॉक्टर ते उघडेल. त्यात लिही, की दुखत होतं ते खरं होतं."

मी रेकॉर्डर मागे घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात ते सांगितलं: या पेशंटच्या सर्व तक्रारी पहिल्या दिवसापासून खऱ्या होत्या.

"अजून एकदा म्हण," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणून दाखवलं. पत्राची एक प्रत त्यांच्या मुलीलाही पाठवायची, असं त्यांनी पत्ता सांगून लिहून घ्यायला लावलं. मग कोटाची बटणं लावली, माझ्या हातावर हात ठेवला आणि बाहेर गेल्या. पुढचा पेशंट हर्नियाचा होता. मी त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. भारतातल्या त्या शेतमजूर बाईला असं पत्र कुणी दिलं नव्हतं.