डोया सापडला नाही

बाबा एसटीत कंडक्टर होते. नेर, आर्णी, उमरखेड असं फिरताना प्रवाशाच्या तोंडून एखादा वऱ्हाडी शब्द कानावर पडला, की घरी आल्यावर पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. त्या चिठ्ठ्यांनी बुटांचे चार खोके भरले. निवृत्त झाल्यावर मला म्हणाले, "हे सारं कंप्युटरात टाकून दे न वं माय. मले शोधता आलं पाह्यजे."

मी पुण्यात प्रोग्रामर. म्हटलं, त्यात काय एवढं! पण बाबांचा कंप्युटर विंडोजचा, गावच्या वाचनालयातला लिनक्सवाला आणि माझा मॅक. तिन्हींवर चालेल असा एकच प्रोग्राम हवा, तर तो लिहायचा कोणत्या भाषेत? झालं, तिथेच घोडं अडलं. सी प्लस प्लसमध्ये सुरुवात केली, कंटाळून जावाकडे गेले, मग रस्टच्या प्रेमात पडले. दर रविवारी बाबांचा फोन यायचा.

"ठरली का भाषा?"

"नाही ना बाबा. एक जड आहे, एक हळू चालते, एकीचे नखरेच फार."

"काहून वं, भाषा पाहून राह्यली का स्थळं? अशानं बिनलग्नाची राहीन मशीन तुही!"

मी पोट धरून हसायचे. खरं सांगते, त्या फोनसाठीच आठवडा काढायचे. इथे दिवसभरात मला कुणी 'काहून वं' म्हणत नाही.

शेवटी पायथन घेतली. चिठ्ठ्या समोर ठेवून एकूण एक शब्द स्वतः टाइप केला आणि दिवाळीला घरी गेले. बाबांनी चष्मा पुसला, एका बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'डोया'. पडद्यावर आलं, 'काही सापडले नाही'. मग त्यांनी 'शाया' लिहिलं, 'काया' लिहिलं. तेही नाही.

चिठ्ठीवर डोया होता, माझ्या बोटांनी त्याचा डोळा केला होता. शाळेत 'य नाही, ळ म्हण' ऐकत मोठी झाले, ते हातात मुरलेलं. वर्षभर भाषा निवडत बसले आणि जी होती तीच खोडून आले. भैताड कुठली!

बाबा रागावले नाहीत. त्यांनी 'डोळा' लिहिलं. सापडला. मग डेपोत साहेबाशी बोलत तसं, सावरून म्हणाले, "छान झालंय. मला आवडलं."

'मले' नाही, 'मला'. माझ्याशी, जन्मात पहिल्यांदा.

त्याच दिवशी बसून मी सगळे ळ परत य केले. आता तिन्ही कंप्युटरांवर डोया सापडतो. पण फोनवर बाबा अजून जपून, शुद्ध बोलतात. परवा राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, एकदा 'मले' म्हणा न."

ते हसले. म्हणाले, "अगं, तुला कळायला नको का?"