कुडपणचं उचललेलं भात

महाडला एसटीतून उतरलो तेव्हा माझी पाठ आणि कंबर यांचं आपसात भांडण लागलं होतं. रस्ता आता झकास झालाय असं जो तो सांगतो. माझ्या वाट्याला मात्र नेमके उरलेले खड्डे येतात. दिवाळी नुकतीच सरली होती. पाऊस गेला असं धरून मी बेत आखला होता, पण तो ऐन दिवाळीत परत येऊन सगळ्यांना झोडपून गेला होता. सावित्रीचं पाणी अजून गढूळच होतं.

मला जायचं होतं कुडपणला, पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावरच्या गावाला. कडे बघायचे, भाकरी खायची आणि घरी बसून बायकोचा जो छळ चालतो त्याला जरा सुट्टी द्यायची, एवढाच हेतू. सोय भाच्याने केली होती. भाचा बिरवाडीत भाड्याने राहतो, जवळच्या कारखान्यात कामाला जातो. त्याच्या शेजारच्या खोलीतला सुनील मूळचा कुडपणचा. त्याचे आईवडील अजून वर शेती करतात. मी त्यांच्याकडे उतरायचं होतं.

म्हणून आधी रिक्षाने बिरवाडी गाठली. सुनील पाळी संपवून नुकताच आला होता. त्याने चहा दिला, आईच्या गुडघ्याची औषधं माझ्या पिशवीत कोंबली आणि मग मुद्द्यावर आला.

"पावसानं भात सगळं पाडलंय, काका. उद्या पंचनाम्याला माणसं येणार आहेत. सरकारची भरपाई मिळाली तर बैलांची वैरण आणि पुढच्या वर्षाचं बियाणं सुटेल. नाही मिळाली तर बैल विकायचे आणि दोघांनी खाली माझ्याकडं राहायला यायचं. बाबांनी कबूल केलंय."

"मनापासून?"

"मनापासून कसलं! पण माझ्या पगारात इथली खोली आणि वरचे बैल, दोन्ही नाही चालत."

बोलताना तो कपातच बघत होता. मला त्याचा राग येईना आणि त्याची बाजूही घेववेना.

पोलादपूरहून वर जाणारी जीप म्हणजे गच्च भरलेलं पोतं. माझ्या दोन पायांमध्ये गॅसचा सिलिंडर, मांडीवर माझी पिशवी आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोंबडी. "जरा सरका वो, माजी कोंबडी चेंगरंल," असं त्या मला दर वळणाला सांगत होत्या. मी चेंगरलो त्याचं कुणाला काहीच नव्हतं. वळणावळणाने खालची दरी उलगडत गेली. डोंगर अजून हिरवे होते, गवत टोकांना पिवळं पडू लागलं होतं. मधल्या खाचरांमध्ये (बांध घातलेल्या भातशेतांमध्ये) भात आडवं झालं होतं, एखादी म्हैस रात्रभर लोळून गेल्यासारखं. ते बघून जीपमधली बडबड थोडी थांबायची आणि मग पुन्हा सुरू व्हायची.

रामजीकाका, म्हणजे सुनीलचे वडील, जीपपाशी उभे होते. उंच, हडकुळे, डोक्याला टॉवेल. घरी चंद्राकाकींनी पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि पुढ्यात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेली सुकट (सुकवलेली बारीक कोलंबी) आली. मी इतका जेवलो की काकींनी दुसऱ्यांदा पीठ मळायला घेतलं.

"शेतीचं उत्पन्न काय येतं?" मी शहाण्यासारखं विचारलं.

काकी हसल्या. "उत्पन्न तुमच्या पोटात गेला आता! आमी भात इकत नाय, खातो. खाली नेऊन इकायचा तर भाड्यातच जातंय."

"आनि सरकारचा हप्ता येतो ना, शेतकऱ्याचा," काका म्हणाले, "त्यात तेल-मीठ आनि हिची औषधं. खोटं कशाला बोलू? त्याचा आधार हाय."

ऊन उतरल्यावर काकांनी खाचर दाखवलं. पिकलेलं भात चिखलात झोपलं होतं. मी एक लोंबी (भाताचं कणीस) उचलली, तर तिच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. पेंढाही काळा पडला होता. तो बैलांनी तोंडात धरला नसता. शेजारचं खाचर त्यांच्या पुतण्याचं. तो मुंबईला. लावणीला रजा मिळाली, कापणीला मिळाली नाही, म्हणून तेही तसंच पडून होतं. काका बांधावर उकिडवे बसले आणि हाताला येईल ती लोंबी पुसून बांधावर ठेवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कड्यावर गेलो. खाली ढग साचले होते आणि समोरच्या डोंगरांची टोकं तेवढी वर आली होती. परतताना उंचावरून गाव दिसलं. खाचरात माणसं वाकली होती. शेजारपाजारची सगळी आली असावीत. कुणी कापत होतं, कुणी पेंढ्या झटकत होतं, कुणी बांधावर ओळीने मांडत होतं. बायका पाटाच्या पाण्यात लोंब्या विसळून घेत होत्या. इतकं सुरेख चित्र की मी तिथेच बसून डब्यातली भाकरी संपवली.

खाली पोचलो तेव्हा खाचर मोकळं झालं होतं. वाहून आलेली माती फावड्याने बाजूला सारलेली, ढासळलेल्या बांधाला दगड बसवलेले. काकांनी स्वच्छ सदरा घातला होता. काकींनी अंगण सारवून चहाचं आधण ठेवलं होतं.

थोड्या वेळाने कृषी सहायक आली, मोबाइल हातात धरलेली तरुण मुलगी. चढाने दमली होती. पाणी प्यायली, खाचरापाशी गेली आणि थबकली.

"काका, पडलेलं भात कुठंय?"

"उचललं ना, बाय. तुमी येनार म्हनून सकाळीच."

"उचललं? अहो, मला ते पडलेलंच बघायचं होतं. फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो, पडलेल्या पिकाचा."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "दारात मानसं येनार आनि भात चिखलात लोळत ठेवायचा? लक्षुमी हाय ती. पायदळी कशी ठेवू?"

काकी पुढे आल्या. "असं नासलेलं शेत पावन्याला दाखवत नाय गो आमी. लाज वाटते."

त्या मुलीने बांधावरच्या पेंढ्या उलगडून बघितल्या. कोंब तिला दिसले; ती आंधळी नव्हती. तिने कुणाला तरी फोन लावला, रेंजसाठी टेकाडावर चढली, बराच वेळ हात हलवून बोलली. उतरली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"कापून उचललेलं पीक नुकसानीत धरता येत नाही म्हणतात. मी पुन्हा विचारते, पण खोटी आशा नाही लावत, काका."

मग ती शेजारच्या खाचरात गेली. पुतण्याचं भात तसंच पडलेलं होतं. तिथे तिने फोटो काढले आणि पंचनामा केला. जाताना तिने काकींच्या हातचा चहा घेतला, पण तिला तो संपवता आला नाही. मला तिच्यावर चिडायचं होतं, जमलं नाही.

तिच्या पाठोपाठ शेजारीही पांगले. काका गोठ्यात गेले आणि बैलांच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले. मी निघताना एवढंच म्हणाले, "सुनीलला तुमीच सांगा. माज्यानं होनार नाय."

बिरवाडीला सुनीलने माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, बापाच्या अडाणीपणावर तो आता तोंड सोडणार. तो म्हणाला, "मी तिथं असतो तर मीही उचललंच असतं, काका." मग तो उठून बाहेर गेला. मी बराच वेळ थांबलो, पण तो आत आला नाही.

घरी आलो. लोक विचारतात, कुडपण कसं आहे? मी कडे सांगतो, ढग सांगतो, पिठलं तर तिखटमीठ लावून सांगतो. सरकार शेतकऱ्याला काही देत नाही असं कुणी म्हणालं तर मी वाद घालतो, कारण द्यायला आलेली मुलगी मी डोळ्यांनी पाहिली. पण तिच्या नियमाला नासलेलं शेत लागत होतं, आणि त्या घराला ते ठेवता येत नव्हतं. दोघांत चूक कुणाची हे मला अजून कळलेलं नाही.

परवा सुनीलचा फोन आला. त्या मुलीने पुन्हा विचारलं होतं, पण काही झालं नाही. आईवडील त्याच्या खोलीत आलेत. बैल खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याने नेले.

"बाबा त्याच्याबरोबर पार घाटाच्या वळणापर्यंत चालत गेले," तो म्हणाला. "सारखे एकच सांगत होते, 'तांबडा उजवीकडंच जुंप रे. डाव्या अंगाला घेतलास तर दुसऱ्याला शोधत बसंल, चालनार नाय.' तो माणूस हो हो म्हणत निघून गेला. आणि बाबा मागं वळले तरी तेच बोलत होते, काका. रस्त्यावर कुणी नव्हतं."

फोन ठेवला आणि मी रडलो.