‘इमिजिएटली’ची जागा

एकोणीसशे एकतीसच्या सुमाराला रत्नागिरीत कुणाला इंग्रजी अर्ज हवा असला, की तो आत्माराम शेट्ये मास्तरांचं दार ठोठावी. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत आणि त्यांचा सगळा जीव क्रियाविशेषणांत. ‘हम्बल’ला शेपूट लावून ‘हम्बली’ कोणीही करील, पण ते वाक्यात बसवायचं कुठे हे ज्याला कळलं त्याला इंग्रजी आलं, असं ते छडी हलवत पोरांना सांगत. ‘ऑलवेज’ क्रियापदाच्या आधी, ‘टुमॉरो’ वाक्याच्या शेवटी. जागा चुकली की साहेब अर्ज बाजूला टाकतो, हा त्यांचा ठाम समज. कुठल्या साहेबाने त्यांना हे सांगितलं होतं, देव जाणे.

अर्ज लिहायची रीतही ठरलेली. आधी कच्चा खर्डा, तो दिवसभर मुरू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पक्की प्रत.

एका मंगळवारी भाट्याची गंगूबाई खाडी ओलांडून आली. तिचा केरू जहाजावर खलाशी. तो मुंबईत तापाने पडला होता आणि कंपनी त्याला शुक्रवारी पुन्हा जहाजावर चढवणार होती. घरून अर्ज आला तर थांबवतील, असं त्याच्या सोबत्याने कळवलं होतं.

“मास्तरानू, पोर आजारी हाय, त्याला घरी धाडा, येवढाच लिवा,” ती म्हणाली. “उद्याच्या आगबोटीनं जाया हवा.”

“जाईल,” मास्तर म्हणाले.

बुधवारी सकाळी पक्की प्रत झाली. ‘इमिजिएटली’, म्हणजे लगेच, हा शब्द मास्तरांना भलत्याच जागी दिसला. कागद फाडला. दुसऱ्या प्रतीत तो ‘काइंडली’ला खेटून बसला. तीही फाडली. तिसरी मनासारखी उतरली तेव्हा बंदरातून भोंगा ऐकू आला. मास्तर धोतर सावरत धावले, पण टपालाची थैली बोटीवर चढली होती. अर्ज गुरुवारी गेला. एका दिवसाने काय होतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि गंगूबाईला काही सांगितलं नाही.

महिन्याने ती कंपनीचं पत्र घेऊन आली. मास्तर वाचू लागले. अर्ज शनिवारी मिळाला, केरू आदल्या दिवशी संध्याकाळीच जहाजावरून निघाला होता, एडनच्या अलीकडे वारला. पत्रात इंग्रजीची एकही चूक नव्हती. मास्तरांना त्या इंग्रजीचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

“गंगूबाई, केरू गेला.”

तिने पदर तोंडावर घेतला. मग तो बाजूला करून तिने मास्तरांकडे पाहिलं.

“पर तुमी अर्ज लगीच धाडलात ना, मास्तरानू?”

हो म्हणणं सोपं होतं. पत्रातली तारीख तिला वाचता येत नव्हती.

“नाही,” मास्तर म्हणाले. “माझ्याकडे एक दिवस पडून राहिला.”

“कशापायी?”

“एक शब्द कुठे घालावा, ते ठरत नव्हतं.”